मंदीच्या काळात वित्तीय बाजारात सरकारने हस्तक्षेप करावा का? करावा तर कोणासाठी?

प्रश्न | वाणिज्य_धरमपेठ

सर्वांना नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्या विभागाची आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा आहे आणि ‘मंदीच्या काळात सरकारने वित्तीय बाजारात हस्तक्षेप करणे योग्य आहे’ हा विषय ठरला आहे. तयारीच्या पहिल्याच बैठकीत विद्यार्थ्यांचे दोन तट पडले. एका गटाने अमेरिकेचे उदाहरण पुढे केले. लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेला १५ सप्टेंबर २००८ रोजी बुडू दिले, जगभरचा पतपुरवठा आखडला आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर करावे लागले; वेळेवर न केलेल्या मदतीची किंमत पुढे अनेक पटींनी मोजावी लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसऱ्या गटाने त्याच एआयजीकडे बोट दाखवले. सरकारी पैशावर तगलेल्या त्या कंपनीने मार्च २००९ मध्ये, ज्या विभागाच्या व्यवहारांमुळे ती बुडायला आली होती त्याच विभागातील लोकांना सुमारे साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस दिले. नफा झाला तर तो मालकाचा आणि तोटा झाला तर जनतेचा, हा कुठला न्याय, असे त्यांनी विचारले.

इथवरची चर्चा अपेक्षितच होती. मग काटोलकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, शेअर बाजार कोसळला की सुटीच्या दिवशीसुद्धा बैठका होतात आणि दुसऱ्या दिवशी निर्णय जाहीर होतात. कळमन्याच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव हमीभावाखाली गेला, तर मात्र मागणी-पुरवठ्याचा नियम म्हणून तो आम्ही सोसायचा. हा फरक कशासाठी?” त्यावर वर्गात बराच वेळ बोलणे झाले, पण पुस्तकातली उत्तरे तिला पुरली नाहीत आणि खरे तर ती मलाही पुरत नाहीत.

इथे बँकेत, व्यापारात आणि गुंतवणुकीच्या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम केलेली मंडळी आहेत. आपल्याकडे असा हस्तक्षेप झाला तेव्हा नेमके कोण वाचले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे भारतातील उदाहरणांसह कोणी सांगू शकेल का?

उत्तर | निवृत्त_शाखाधिकारी

मॅडम, त्या मुलीचा प्रश्न योग्य आहे. शेअर बाजार पडला, एवढ्यासाठी सरकारने धावावे असे मी म्हणणार नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता आणि ऑक्टोबरअखेर तो काही काळ आठ हजारांच्याही खाली आला. निर्देशांक वर उचलण्यासाठी रिझर्व्ह बँक समभाग विकत घेत बसली नाही. तिने जे केले ते वेगळ्या कारणासाठी होते. अनेक कंपन्यांनी आपली रोजच्या वापरातली रक्कम म्युच्युअल फंडांच्या लिक्विड योजनांत, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या योजनांत, ठेवली होती. लेहमन बुडाल्यावर त्या सगळ्यांनी एकाच वेळी पैसे मागितले. फंडांकडे बँकांची ठेव प्रमाणपत्रे आणि कंपन्यांचे अल्पमुदतीचे रोखे होते, कागद चांगला होता, पण त्या दिवशी त्याला गिऱ्हाईक नव्हते. ही गाठ सुटली नसती तर कारखान्यांचे पगार आणि पुरवठादारांची बिले अडकली असती. म्हणून ऑक्टोबर २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने फंडांना पैसे देता यावेत यासाठी बँकांना १४ दिवसांच्या मुदतीने २०,००० कोटी रुपयांपर्यंत रक्कम उपलब्ध करून दिली. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर) ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आला आणि रोख राखीव प्रमाणही (ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा हिस्सा) ९ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले गेले.

भीती कशी पसरते ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. सप्टेंबर २००८ च्या अखेरीस एका मोठ्या खासगी बँकेबद्दल अफवा उठली आणि ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला निवेदन काढून त्या बँकेकडे पुरेशी रोकड असल्याचे सांगावे लागले. आमची बँक वेगळी होती, तिच्याबद्दल कोणी काही बोललेही नव्हते, तरी आमच्या सीताबर्डीजवळच्या शाखेत सकाळपासून पैसे काढण्याच्या स्लिपा घेऊन माणसे उभी होती. त्यात निवृत्त शिक्षक होते, भाजीवाल्या बाया होत्या, एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठीची मुदत ठेव मोडायला आले होते. आम्ही करन्सी चेस्टकडून, म्हणजे शाखांना नोटा पुरवणाऱ्या कोठारातून, जादा रोकड मागवली, दोन काउंटर वाढवले आणि रोखपालाला सांगितले की नोटांची बंडले कपाटात ठेवू नका, काचेमागे लोकांना दिसतील अशी ठेवा. दुपारपर्यंत निम्मी माणसे पैसे न काढताच घरी गेली. पैसे मिळतील याची खात्री पटली की ते काढण्याची निकड उरत नाही, आणि ती खात्री देणे हेच अशा वेळी मध्यवर्ती बँकेचे काम असते.

म्हणून माझा निकष एकच आहे. संस्था सुदृढ आहे पण हाती रोकड नाही, असे असेल तर चांगले तारण घेऊन, बाजारभावापेक्षा चढ्या व्याजाने, सढळ हाताने कर्ज द्यावे. संस्थेची मालमत्ताच देण्यांपेक्षा कमी झाली असेल, तर ठेवीदाराला वाचवावे आणि मालकाला तोटा सोसू द्यावा. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँक ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली तेव्हा ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले आणि भागधारकांना काहीही मिळाले नाही. २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँकेकडे गेली तेव्हाही समभागांची किंमत शून्य करण्यात आली. एआयजीच्या बोनसवर तुमच्या विद्यार्थ्यांना जो राग आला, त्याचे मूळ मदतीत नसून मदतीसोबत न घातलेल्या अटींत आहे.

उत्तर | भांडवल_आणि_जोखीम

शाखाधिकारी साहेबांनी निकष नेमका मांडला आहे, पण ऐन संकटात तो पाळला जात नाही, हा माझा अनुभव आणि आक्षेप आहे. संस्था सुदृढ आहे की पोकळ, हे त्या आठवड्यात कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. आणि संशयाचा फायदा नेहमी मोठ्या संस्थेला मिळतो, कारण ती बुडाली तर आवाज मोठा होतो.

युनिट ट्रस्ट या सरकारी म्युच्युअल फंडाची यूएस-६४ योजना आठवा. १९६४ पासून मध्यमवर्गीय घरांनी ती बँकेच्या ठेवीइतकी सुरक्षित मानली. योजनेची मालमत्ता आणि युनिटचा जाहीर भाव यांत अंतर पडल्यावर १९९८-९९ मध्ये सरकारने सुमारे ३,३०० कोटी रुपयांचा टेकू दिला. त्यानंतर तरी युनिटचा भाव मालमत्तेच्या खऱ्या मूल्याशी लगेच जोडायला हवा होता, पण ते लांबत गेले. जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री थांबवावी लागली, सरकारला पुन्हा उभे राहावे लागले, आणि अखेर २००३ मध्ये युनिट ट्रस्टचे विभाजन होऊन यूएस-६४ च्या युनिटधारकांना ६.७५ टक्के व्याजाच्या करमुक्त रोख्यांचा पर्याय देण्यात आला. पहिल्या मदतीने दुखणे बरे झाले नाही, ते तीन वर्षे झाकले गेले. या काळात माहीतगार कंपन्यांनी वेळेत पैसे काढले आणि योजनेवर विसंबलेले पेन्शनर आत राहिले. हस्तक्षेपावर टीका करताना लोक करदात्याच्या पैशाबद्दल बोलतात; मला त्याहून जास्त खटकते ते हे, की मदत जाहीर झाल्यावर उपलब्ध होणारा वेळ ज्याच्याकडे माहिती असते त्याच्याच कामी येतो.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा रोखे योजना बंद केल्या. चारच दिवसांनी रिझर्व्ह बँकेने म्युच्युअल फंडांसाठी बँकांमार्फत ५०,००० कोटी रुपयांच्या कर्जाची खिडकी उघडली, पण बँकांनी त्यातला फारच थोडा भाग उचलला. त्या सहा योजनांचे रोखे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली हळूहळू विकले गेले आणि गुंतवणूकदारांना योजना बंद होण्याच्या दिवशीच्या एकूण मालमत्तेपेक्षा काहीशी जास्तच रक्कम परत मिळाली. सरकारी तिजोरीतून कोणी भरपाई दिली नव्हती. वाट पाहावी लागली, अनेकांची गैरसोय झाली, पण रोख्यांची किंमत शेवटी बाजारानेच ठरवली.

बंदी घालून भाव सावरण्याचा प्रयत्न तर मला सर्वांत निरुपयोगी वाटतो. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने शेकडो वित्तीय कंपन्यांच्या समभागांत शॉर्ट सेलिंगला, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने उसने समभाग विकण्याला, तात्पुरती बंदी केली. बंदी असतानाही ते समभाग पडतच राहिले आणि खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर मात्र वाढले. भाव ही बातमी असते. ती दडपली म्हणून घटना टळत नाही. हाँगकाँग हा अपवाद मला मान्य आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये तिथल्या सरकारने सुमारे ११८ अब्ज हाँगकाँग डॉलरचे समभाग विकत घेतले आणि पुढे ते एका फंडामार्फत जनतेला विकून नफा कमावला. तिथे सट्टेबाज चलन आणि समभाग या दोन्हींवर एकाच वेळी चाल करून आले होते आणि सरकारकडे गंगाजळी भरपूर होती. तसे बळ प्रत्येक सरकारकडे नसते.

उत्तर | इतवारीतील_घाऊक

मी इतवारीत धान्य-किराण्याचा घाऊक व्यापार करतो. वरची चर्चा बँका आणि फंडांची चालली आहे. ती मदत आमच्यापर्यंत येते तेव्हा तिचे रूप कसे असते, एवढेच सांगतो.

मे २०२० मध्ये तीन लाख कोटी रुपयांची कर्जहमी योजना जाहीर झाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्यावर जेवढे कर्ज होते, त्याच्या २० टक्के रक्कम नव्या तारणाशिवाय, चार वर्षांच्या मुदतीने आणि पहिले वर्ष मुद्दल न फेडण्याच्या सवलतीने मिळणार होती, आणि तिची पूर्ण हमी सरकारची होती. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के होती. माझे बँकेत सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे व्यापारासाठीच्या कर्जाचे) खाते होते, हप्ते नियमित होते, त्यामुळे मला ती रक्कम मिळाली. तिच्यातून हमालांचे थकलेले पैसे आणि गोदामाचे भाडे दिले आणि वसुली सुरू होईपर्यंत दुकान तगले. त्या मदतीबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे आणि ‘बाजाराला बाजारावर सोडा’ हा सल्ला मला त्या दिवसांत कोणी दिला असता तर तो मला पटला नसता.

माझ्या शेजारच्या दुकानदाराने मात्र आयुष्यात बँकेचे कर्ज काढलेले नाही. घरच्या भांडवलावर आणि व्यापाऱ्यांच्या उधारीवर त्याचा धंदा चालतो. शून्य कर्जाचे २० टक्के शून्यच होतात, त्यामुळे ज्याने आयुष्यभर जपून व्यवहार केला त्यालाच या योजनेत जागा नव्हती. गल्लीतल्या ज्या लोकांनी पतसंस्थेतून कर्ज घेतले होते, तेही बाहेरच राहिले. हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने होती, पण तेवढ्या काळाचे व्याज चालूच राहिले. त्या व्याजावरच्या व्याजाचा निकाल लावायला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

म्हणून मॅडम, तुमच्या विद्यार्थ्यांना सांगा की मदत किती कोटींची होती हे पाहून थांबू नका, ती कोणाच्या नावावर जमा झाली हेही विचारा. सरकार बँकेमार्फत मदत करते तेव्हा बँकेच्या वहीत ज्याचे नाव नाही तो सरकारलाही दिसत नाही, आणि इतवारी, गांधीबाग, महाल या भागांत अशी दुकाने काही कमी नाहीत.

उत्तर | काटोल_कोरडवाहू

सोयाबीनचा प्रश्न विचारणाऱ्या ताईला माझ्याकडून सांगावे की सरकार शेतमालाच्या वित्तीय बाजारातही हस्तक्षेप करते, फक्त त्याची दिशा बहुतेक वेळा उलटी असते. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने (आपल्या बाजार नियामकाने) सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी यांच्यासह सात शेतमालांचे वायदे व्यवहार, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणारे सौदे, एका वर्षासाठी थांबवले आणि नंतर त्या बंदीला वारंवार मुदतवाढ मिळाली. महागाई आवरायची हा हेतू होता. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत भाव कुठे जाईल याचा जो अंदाज वायद्यावरून मोबाइलवर दिसायचा, तो गेला. विकावे की थांबावे हे मग केवळ व्यापाऱ्याच्या बोलण्यावरून ठरवावे लागते. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांत त्याहून बऱ्याच कमी भावाने सोयाबीन विकले गेले, तेव्हा वायद्यांवरची बंदी कायमच होती. भाव चढला तेव्हा थांबवलेला बाजार भाव उतरल्यावर तरी उघडायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

मदतीच्या अटींबद्दल एक आठवण करून देतो. २००८ च्या अर्थसंकल्पातील कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती आणि त्याहून जास्त जमीन असेल तर ७५ टक्के भरल्यावर २५ टक्के सूट होती. ओलिताखालच्या दोन हेक्टरांत आणि विदर्भातल्या कोरडवाहू दोन हेक्टरांत किती फरक असतो, हे इथे कोणालाही ठाऊक आहे. पाऊस दगा देतो तिथे चार हेक्टरवालाही कर्जातच असतो. सावकाराचे कर्ज तर त्या योजनेत धरलेच नव्हते. ज्या भागातल्या आत्महत्यांमुळे कर्जमाफीची चर्चा देशभर झाली, त्याच भागातले असंख्य शेतकरी एका आकड्यामुळे पूर्ण माफीच्या बाहेर राहिले.

प्रश्नकर्ता | वाणिज्य_धरमपेठ

सर्वांचे मनापासून आभार. शाखाधिकारी साहेब, आपल्या निकषावर एक शंका आहे. मालकाने तोटा सोसावा हे पटते; पण २०२० मध्ये येस बँक अडचणीत आली तेव्हा ज्यांचे रोखे शून्य झाले ते सगळेच काही धनाढ्य मालक नव्हते, असे वाचले आहे. मग ठेवीदार आणि मालक यांच्यामधल्या माणसाचे काय? आणि आपल्या नागपूरच्या जिल्हा सहकारी बँकेला झालेली सरकारी मदत आपण कोणत्या गटात धराल?

उत्तर | निवृत्त_शाखाधिकारी

जिल्हा बँकेचे आधी सांगतो. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका भांडवलाची किमान अट पूर्ण करू न शकल्याने परवान्याविना राहिल्या होत्या आणि त्यांच्यावर ठेवी घेण्याबाबत निर्बंध होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या अशा २३ बँकांसाठी सुमारे २,३७५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्यात केंद्र, संबंधित राज्ये आणि नाबार्ड ही ग्रामीण विकासाची बँक यांचा वाटा होता. ही रोकडटंचाई नव्हती आणि मंदीही नव्हती, भांडवलच झिजले होते. माझ्या निकषाने पाहिले तर इथे ठेवीदाराला आणि गावातल्या सोसायटीच्या पीककर्जाला वाचवणे योग्यच होते, परंतु कारभार करणाऱ्यांकडून वसुली त्याच वेगाने व्हायला हवी होती. मंदीच्या नावाखाली अशा प्रकरणांना मदत मागितली जाते तेव्हा स्पर्धकांनी ती वेगळी काढून दाखवावी.

येस बँकेबाबत आपली शंका रास्त आहे. ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले, खातेदाराला ५० हजारांपर्यंतच रक्कम काढता येत होती, आणि १८ मार्चला ते उठले. स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातले आणि ठेवी सुरक्षित राहिल्या. मात्र सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे एटी-१ रोखे (बँक संकटात आल्यास शून्य करता येणारे, बँकेच्या भांडवलात धरले जाणारे रोखे) शून्य करण्यात आले, समभाग मात्र पूर्ण शून्य झाले नाहीत. म्हणजे तोट्याचा क्रमच उलटा झाला. किरकोळ ग्राहकांना हे रोखे मुदत ठेवीचा चांगला पर्याय म्हणून विकले गेल्याचे सेबीने आपल्या आदेशात नोंदवले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रोखे शून्य करण्याचा निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. माझे मत असे आहे की आधी समभाग, मग असे रोखे, हा क्रम संकट येण्यापूर्वीच कायद्यात लिहिलेला असावा आणि रोखा विकताना ग्राहकाला त्याच्या भाषेत वाचून दाखवलेला असावा. ऐनवेळी एका आठवड्यात ठरवलेला क्रम कितीही सद्हेतूने ठरवला तरी कोणावर तरी अन्याय करतोच.

‘भांडवल आणि जोखीम’ यांच्या फ्रँकलिनच्या उदाहरणावर माझा मतभेद एवढाच, की ५० हजार कोटींची खिडकी फारशी वापरली गेली नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. इतर फंडांतून पैसे काढण्याची घाई त्या घोषणेनंतर ओसरली. यूएस-६४ बद्दल मात्र त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

आणि इतवारीच्या भाऊंनी पतसंस्थांचा उल्लेख केला, तो स्पर्धेत कोणीतरी नक्की मांडावा. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. त्याआधी १९९३ पासून ती मर्यादा एक लाखावर अडकलेली होती आणि ती हलायला बुडालेल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या ठेवीदारांना महिनोन्महिने रस्त्यावर उतरावे लागले. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण आजही नाही. मंदी येते तेव्हा सगळ्यात आधी ज्यांचे हात अडकतात ते भाजीवाले, ऑटोवाले, घरकाम करणाऱ्या बाया रोजची बचत दैनिक ठेवीच्या एजंटाकडे देतात, आणि तो एजंट बहुतेक वेळा पतसंस्थेचाच असतो. तिथे ठेव विम्याची व्यवस्था उभी करणे हा हस्तक्षेप मंदीपूर्वीच करण्याचा आहे, त्यासाठी संस्थांकडून वर्गणी घेता येते, आणि माझ्या मते तुमच्या विषयाच्या बाजूने बोलणाऱ्याने पहिला मुद्दा हाच मांडावा.